मलिदा (बेने इस्राएल)

महाराष्ट्रातील बेने इस्राएल या ज्यू समाजाचा आभार मानण्याचा विधी. त्या विधीत मांडल्या जाणाऱ्या ताटालाही मलिदाच म्हणतात. शब्द मुसलमान शेजाऱ्यांशी सामाईक, पदार्थ मात्र कोकणच्या भाताचा. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला ओला नारळ, वेलदोडा आणि सुका मेवा एकत्र कालवून ताटात त्याची रास करतात. भोवती निरनिराळी फळे, गुलाबाची फुले, सब्जाची डहाळी. जमलेले पुरुष डोके झाकून हिब्रू प्रार्थना म्हणतात, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्तोत्र गातात. झाडाचे फळ, जमिनीतून येणारे फळ, सुगंध यांसाठी वेगवेगळे आशीर्वचन म्हणून देवाचे आभार मानले जातात आणि मग ताट वाटले जाते.

लग्नाआधी, नव्या घरात पाऊल टाकताना, आजारी माणूस उठून बसला की, लांबचा प्रवास सुखरूप पार पडला की मलिदा करतात. बहुधा त्यामागे नवस असतो. मागताना एलियाहूला साक्षीला घ्यायचे आणि मिळाल्यावर त्याला विसरायचे नाही, एवढा साधा हिशेब.

समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात जोडपी वाचली. पुढे ही मंडळी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावागावांत पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. धर्मग्रंथ जवळ नव्हते. सणांची हिब्रू नावे पुसट झाली, पण सण राहिले, कारण ते मराठीत आणि स्वयंपाकघरात टिकले. वर्षारंभ झाला नव्याचा सण. भाद्रपद-आश्विनात हळवे भात तयार होते आणि शेजारची हिंदू घरेही नवे दारी बांधतात. त्यामुळे ‘नव्याचा’ या शब्दात नवे वर्ष आणि नवे धान्य दोन्ही ऐकू येतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्याला लागूनच खिरीचा सण येई. नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर हेच त्याचे आभारप्रदर्शन. आब या ज्यू महिन्यातला, यरुशलेमच्या मंदिरविध्वंसाचा शोकदिवस तर बिरड्याचा सण म्हणून ओळखला गेला, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे जेवायचे.

आत्मपरीक्षणाचा दिवस म्हणजे दारफळणीचा सण, अर्थात योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. दारे लावून घ्यायची, कडक उपास करायचा, बाहेरच्यांशी व्यवहार ठेवायचा नाही. ‘दारफळणी’ या नावात प्रायश्चित्ताचा उच्चार नाही, पण बंद दार आहे, आणि वर्षाची झाडाझडती घ्यायला बसलेल्या घराचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दारे उघडत, गरिबांना दानधर्म होई, गणगोताच्या भेटी होत.

शेबात या ज्यू महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, झाडांचे नववर्ष येते. मोडनिंब-सांगोल्याकडच्या बोरांनी बाजार भरलेला असतो तो हाच काळ. बेने इस्राएल त्याला एलियाहू हन्नाबीचा ऊरूस म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या मानतात. तो तिथूनच स्वर्गाकडे गेला अशी श्रद्धा आहे. तिथे मलिद्याची ताटे घेऊन कुटुंबे जातात, नवस बोलतात आणि फेडतात.

कृतज्ञता कधी दगडचुन्यातही उतरली. मुंबईच्या मांडवी भागातले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटल्याबद्दल त्यांनी ते उभारले, असे समाज सांगत आला आहे. त्याचे नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत.

१९४८नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. गावोगावच्या आळ्या रिकाम्या झाल्या, पण मलिदा त्यांच्यासोबत गेला. तो तिथल्या लग्नघरांत होतोच. शिवाय हैफाच्या एलियाहूच्या गुहेत नवस फेडायला येणाऱ्या मराठी ज्यूंच्या ताटांतही खोबरे घातलेले पोहे असतात.