व्हिगर्सचा शिंजीर आणि सिपराजा : एका जातिभेदाचा इतिहास

सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा व्हिगर्सचा शिंजीर आणि हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला किरमिजी शिंजीर हे एथोपायगा प्रजातीतील दोन चिमुकले मधुभक्षी पक्षी होत. दोहोंच्या नरांची छाती लालभडक, कमरेवर पिवळा पट्टा. या दोन स्वतंत्र जाती मानाव्यात की एकच, या प्रश्नाचे उत्तर १८३२ नंतर दोनदा बदलले.

स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी सुमात्रातील संग्रहाच्या आधारे १८२२ मध्ये किरमिजी शिंजिराचे वर्णन प्रसिद्ध केले व त्याचे मलय नावच ‘सिपराजा’ या रूपात शास्त्रीय नामावलीत आणले. दहा वर्षांनी विल्यम हेन्री साइक्स यांची दख्खनमधील पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने प्रकाशित केली. साइक्स हे मुंबई सरकारने १८२४ मध्ये सांख्यिकी पाहणीसाठी नेमलेले लष्करी अधिकारी. पक्षिनिरीक्षण हे त्या कामाच्या जोडीने झाले. घाटातील शिंजिराला त्यांनी त्याच संस्थेचे चिटणीस निकोलस व्हिगर्स यांचे नाव दिले. एका पक्ष्याला स्थानिक लोकांचा शब्द मिळाला, दुसऱ्याला लंडनमधील पदाधिकाऱ्याचे नाव. वसाहतकालीन नामकरणात संग्राहकाची मर्जी किती निर्णायक होती, हे यावरून दिसते.

विसाव्या शतकात वर्गीकरणाची दृष्टी पालटली. अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ च्या ग्रंथाने आंतरप्रजननक्षमता हा जातीचा मुख्य निकष म्हणून रुजविला. परंतु ज्यांचे प्रदेश एकमेकांस भिडतच नाहीत, तेथे ही कसोटी लावणार कशी? अशा सदृश पक्ष्यांना एकाच जातीच्या उपजाती मानण्याकडे कल राहिला. सलीम अली व डिलन रिप्ली यांच्या दहा खंडी ग्रंथात (१९६८-७४) घाटातील शिंजीर सिपराजाची उपजात म्हणूनच येतो.

पामेला रासमुसेन व जॉन अँडरटन यांनी २००५ मध्ये त्यास पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्याचा आकार मोठा, पोट काळपट आणि लाल छातीवर बारीक पिवळ्या रेघा असतात. मादी मळकट हिरवी असल्याने हा वाद बहुतांशी नरांच्या पिसांवरच झाला, हेही नोंदवावे लागेल.

या बदलाचा परिणाम केवळ नामावलीपुरता नाही. उपजात असताना घाटातील तिची घट आशियाभर पसरलेल्या जातीच्या हिशेबात सहज झाकली गेली असती. स्वतंत्र जात ठरल्यावर मात्र तिची संपूर्ण जागतिक संख्या पश्चिम घाटाच्या जंगलांतच मोजावी लागते.