बीज, क्षेत्र आणि वंशावळ

वंशावळ हें इतिहाससंशोधकाचें नित्याचें साधन होय. वतनाचा तंटा असो कीं दत्तकाचा वाद, प्रथम वंशवृक्ष मांडावा लागतो. त्यांत पुत्र, पौत्र ओळीनें येतात. ज्यांच्या उदरीं ते जन्मले त्यांचीं नांवें मात्र क्वचितच आढळतात. हें असें कां, याचा उलगडा आम्हांस एका विदुषीच्या लेखनांत झाला.

लीला दुबे (१९२३–२०१२), माहेरच्या आंबर्डेकर. छत्तीसगडांतील गोंड स्त्रियांच्या अभ्यासानें त्यांच्या संशोधनास आरंभ झाला. पुढें सागर विद्यापीठांत त्यांनीं अध्यापन केलें. लक्षद्वीपांतील मुसलमान परंतु मातृवंशीय अशा समाजावरील त्यांचा ग्रंथ १९६९ सालीं निघाला. स्त्रियांच्या दर्जाविषयीं ज्या सरकारी समितीनें १९७४ सालीं प्रतिवृत्त दिलें, तिच्या त्या सभासद होत्या. मुलींची घडण कशी होते यावर १९८८ सालीं त्यांनीं लिहिलें. स्त्री, श्रम व कुटुंब यांवरील ग्रंथ रजनी पालरीवाला यांच्यासह १९९० सालीं संपादिला.

आमच्या वाचकांस विशेष उपयोगी असा त्यांचा निबंध १९८६ सालचा. पुरुष बीज, स्त्री क्षेत्र ही कल्पना मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत आहे. शेताचें पीक शेतमालकाचें, तसें अपत्य पतीचें. क्षेत्रास स्वतःचा हक्क नाहीं. ही केवळ उपमा नसून अपत्य, जमीन व श्रम यांवरील पुरुषाच्या स्वामित्वाचें तें समर्थन होय, असें बाईंनीं दाखविलें.

गोंदिया जिल्ह्यांत हें सहज पटतें. धानाची रोवणी स्त्रिया करितात. सातबाऱ्यावर नांव बहुधा पुरुषाचें. उलट मध्य प्रांतांतील गोंडांत भाचीस सून करून घेण्याच्या रूढीस ‘दूध लौटाना’ म्हणत, अशी नोंद रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत आहे. एका घरानें दिलेली लेक म्हणजे फेडावयाचें ऋण, आणि तें मोजावयाचें बीजानें नव्हे, दुधानें! अर्थात् नात्याची गणना एकाच रीतीनें होते असें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, दप्तरें चाळतांना चोळीबांगडीच्या सनदा, स्त्रीधनाच्या याद्या, वाटणीपत्रें हीं किरकोळ घरगुती कागद म्हणून टाकूं नयेत. वंशावळींत जीं नांवें गळलीं तीं तेथेंच सांपडण्याचा संभव आहे. आणि एकदां रद्दींत गेलेला कागद पुन्हां मिळत नाहीं.