विद्यापीठाचे दार आणि गावाची वेस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेतील कित्येक पिढ्यांना महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन पोचविले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी उंबरठ्याचाच विषय निवडला आहे. बारावीनंतर परदेशी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश घ्यावा, ही आकांक्षा आज बडोद्यातील सर्वसामान्य मराठी घरांतही बोलून दाखविली जाते. या आकांक्षेला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातील काही प्रसंग आपणांसमोर ठेवून, दूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळणे म्हणजे नेमके काय, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘मॅट्रिक’ या शब्दाकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी हा शब्द शालेय शिक्षणाच्या समाप्तीचा म्हणून रुळला होता. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र नोंदवही किंवा पट असा आहे. मॅट्रिक होणे म्हणजे विद्यापीठाच्या पटावर आपले नाव चढणे. ती परीक्षा शाळेची नव्हे, विद्यापीठाची होती. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा घेण्यात आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांपैकी होत.

मुंबईने नमुना घेतला तो लंडन विद्यापीठाचा. ही निवड अर्थपूर्ण होती. ऑक्सफर्डमध्ये १८५४ पर्यंत पटावर नाव घालतानाच इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चची धर्मसूत्रे मान्य असल्याची सही करावी लागे. केंब्रिजमध्ये ती अट पदवी घेताना आडवी येई. या दोन्ही विद्यापीठांतील धार्मिक बंधने बव्हंशी १८७१ च्या कायद्याने दूर झाली. याउलट १८३६ मध्ये सनद मिळालेल्या लंडन विद्यापीठाने धर्म न विचारता परीक्षा घेतली, आणि १८५८ पासून तर कोणत्याही संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्यालाही परीक्षेस बसण्याची मोकळीक दिली. श्रद्धेऐवजी गुण पाहावयाचे, हा त्या काळातला मोठा पालट होता. आज आपण परीक्षापद्धतीला पुष्कळ नावे ठेवतो, आणि त्यांतली बरीचशी रास्तही आहेत. परंतु ज्याचा कुलवंश, धर्म वा वशिला कामाचा नाही अशा मुलाला पटावर येण्याचा पहिला मार्ग परीक्षेनेच खुला केला, हे विसरता येत नाही.

मात्र परीक्षा उत्तीर्ण झाली की दार उघडतेच असे नाही. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे उदाहरण पाहा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. त्यांच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. पण उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून ती नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविले. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमविला आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. १८९२ मध्ये खास परवानगी काढून त्या कायद्याच्या पदवीपरीक्षेस बसल्या. परीक्षा दिली, पण पदवी हाती पडली ती १९२२ साली; कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये आरंभ केला. प्रवेश आणि अधिकार यांमध्ये तीस वर्षांचे अंतर पडले. वर्गात बसू देणे निराळे आणि बरोबरीचे मानणे निराळे, हा भेद या एका चरित्रावरून ध्यानात येतो.

त्याआधी सहा वर्षे डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या होत्या. त्यांच्यापाशी मॅट्रिकचे प्रमाणपत्रही नव्हते. १८५० मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाकडे १८८३ मध्ये त्यांनी जे पत्र पाठविले, ते आजच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचण्यासारखे आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नाही, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मान्य केले. आपण कोणत्या हेतूने एवढ्या दूर आलो आणि आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-वैद्याची गरज का आहे, हे मात्र त्यांनी ठामपणे मांडले. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या, त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

आज परदेशी विद्यापीठे गुणपत्रिकेसोबत विद्यार्थ्याचे हेतुपत्र मागतात. ते पत्र बाजारात लिहून मिळते असे ऐकतो. आनंदीबाईंच्या पत्राची ताकद त्याच्या खरेपणात होती. उणीव झाकली नाही म्हणूनच हेतूवर विश्वास बसला.

परंतु महाविद्यालयाचे दार उघडण्याआधी आनंदीबाईंना स्वजनांची वेस ओलांडावी लागली. समुद्रपर्यटन निषिद्ध मानण्याचा तो काळ. परदेशी जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाही तर पंक्तीबाहेर बसावे लागे. म्हणून निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत याचा खुलासा केला. अठराव्या वर्षाच्या आतल्या मुलीला अमेरिकेतील अध्यापकांपेक्षा आपल्याच माणसांची समजूत घालणे अधिक कठीण वाटले असल्यास नवल नाही. परत आल्यावर त्यांना कोल्हापूरच्या रुग्णालयात काम करावयाचे होते. ते घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ज्यांच्या वाट्याला परतीचे सुख पूर्णपणे आले, असे एक उदाहरण म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचा हा मुलगा फर्ग्युसन कॉलेजातून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ झाला. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यापुढे मोठ्या सरकारी अधिकारपदाचे मार्ग खुले होते. पण परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचे त्यांनी ठरविले होते. त्याप्रमाणे ते आले, १९०२ मध्ये प्राचार्य झाले आणि अल्प वेतनावर दीर्घकाळ शिकवीत राहिले.

आता बडोद्याकडे येऊ. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. बडोदा कॉलेज त्याच वर्षाचे, कलाभवन १८९० चे. अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ चा आणि तो सर्व संस्थानभर लागू झाला १९०६ मध्ये. या पायावरच परदेशी शिष्यवृत्त्यांचा कळस उभा होता. महाराजांची दृष्टी व्यवहारी होती. राज्याने खर्च करावा, विद्यार्थ्याने जगातील उत्तम विद्या संपादन करावी आणि परत येऊन ठरावीक वर्षे राज्याची सेवा करावी, असा तो करार असे.

१९१३ मध्ये असाच एक करार मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून नुकत्याच पदवीधर झालेल्या भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाशी झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी, अशा अटी होत्या. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील प्रवेश पदव्युत्तर वर्गातला होता; पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या विद्यापीठाने दिलेले निवडीचे स्वातंत्र्य. मुंबईत नेमलेली पुस्तके आणि ठरलेले विषय. कोलंबियात मात्र त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांची तोंडओळख करून घेतली. एडविन सेलिग्मन अर्थशास्त्राचे अध्यापक, जॉन ड्यूई तत्त्वज्ञानाचे. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या परिसंवादवर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. आपल्या समाजाकडे जगाच्या शास्त्रांच्या साहाय्याने पाहण्याची ही दृष्टी त्या वर्गांत घडली.

आणि मग परतीचा प्रसंग. बडोद्याच्या शाळेत बोलताना तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यात आले. या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ओळखीच्या दोघांकडे विचारले. दोघांनीही असमर्थता दाखविली. सार्वजनिक बागेत दिवस घालवून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेले. हे सारे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, न्यूयॉर्कने वर्गात जागा दिली, पण महाराजांच्या राजधानीत एक खोली मिळाली नाही. दहा वर्षांचा सेवाकरार काही दिवसांत मोडला तो विद्यार्थ्याने नव्हे, शहराने मोडला. शिक्षण अपुरे राहू न देता ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे आणि मित्रांचे साहाय्य घेऊन व स्वतःची बचत खर्चून. या घटनेत हानी कोणाची झाली? विद्वान आपल्या वाटेने पुढे गेला. गमावले ते बडोद्याने.

याच काळातील आणखी एक वेगळी कथा गोव्याची आहे. साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी कोणतीही पदवी नसताना पायी हिंडत, नेपाळ-सिंहलद्वीपापर्यंत जाऊन पालीचे पंडित झाले. महाराष्ट्रात राहून काम करावे या अटीवर सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले होते. बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले. १९१८ च्या फेरीत त्यांनी मुलगा दामोदर यास बरोबर नेले. दामोदर तेथील शाळेत शिकला, १९२४ मध्ये हार्वर्डच्या पदवीवर्गात दाखल झाला आणि मध्ये खंड पडूनही १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत बी. ए. झाला. चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली हार्वर्डने विषय निवडण्याची मुभा देणारी पद्धत रुजविली होती. गणित हा मुख्य विषय. तरीही दामोदरने युरोपीय भाषांत मनसोक्त संचार केला. एकट्या गणितावर लक्ष द्यावे हा तेथील अध्यापकांचा सल्ला त्याने मानला नाही. पुढे याच गणितज्ञाने १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी दिशा दाखविणारा ग्रंथ लिहिला. एका विषयाच्या कुंपणात न अडकविणाऱ्या पदवीशिक्षणाचे हे फळ होय.

मित्रहो, या चरित्रांतून काय हाती लागते? विद्यापीठाच्या प्रवेशाला पात्रता लागते, पैसा लागतो, आणि समाजाची संमतीही लागते. पात्रतेचा निर्णय परीक्षक देतात, पैशाची सोय राजा, मित्र किंवा आजची बँक करते. संमती मात्र आपल्या सर्वांच्या हातात असते. समुद्रपर्यटनाचा निषेध गेला. मुलीला दूर पाठवू नये, मराठी माध्यमाच्या मुलाने एवढी झेप घेऊ नये, अमक्या घरातील मुलाला हे परवडायचे नाही, ही वाक्ये मात्र गेलेली नाहीत.

आता तर परदेशी विद्यापीठे आपल्या वेशीपाशी येऊ लागली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये त्यांच्या भारतातील शाखांसाठी नियम केले. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाने २०२४ मध्ये आपली शाखा सुरू केली. विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की जाल तेथील माहितीपत्रक दलालाकडून ऐकू नका, स्वतः वाचा. कोणते विषय निवडता येतील ते आधी पाहा. कर्ज काढण्यापूर्वी ते फेडण्याचा हिशेब वडिलांबरोबर बसून मांडा. आणि हेतुपत्र स्वतःच्या हाताने लिहा.

पालकांना आणि नगरवासीयांना एक विनंती. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी शिकावयास येतात. इतर प्रांतांतील तर पुष्कळच. त्यांच्या दृष्टीने बडोदे हेच परदेशी विद्यापीठाचे गाव. भाड्याची खोली विचारीत ते आपल्या दारात उभे राहतात, तेव्हा आपण त्यांचे नाव, जात, धर्म आणि वर्ण पाहून कडी लावून घेत असू, तर १९१७ चे वर्ष या शहरात अजून संपलेले नाही असे म्हणावे लागेल. आपली मुले परमुलखात ज्या दारांवर थाप मारणार आहेत, ती उघडावीत अशी इच्छा धरणाऱ्याने आपले दार प्रथम उघडले पाहिजे.

गुरुजींनी उंबरठ्यापर्यंत आणून सोडलेल्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने त्यांच्या स्मृतीस अभिवादन करतो.