झिरपण्याचे शास्त्र : प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीआधी बांधीत चिखल करतात. साचल्या पाण्यात नांगर किंवा ट्रॅक्टर फिरतो, ढेकळे विरतात, बारीक कण खाली बसतात आणि तळाशी घट्ट थर धरतो. पाणी खाली जाऊ नये यासाठी हा खटाटोप. त्याच शिवारात विहीर खोदणारा नेमके उलटे शोधतो : पाणी सोडणारा मुरूम, भेगाळलेला खडक. माती किंवा खडक आपल्यातून पाणी किती सहज जाऊ देतो, ते सांगणारा गुण म्हणजे पारगम्यता. या पुस्तकाचा विषय तोच.

नवख्याने एक गफलत टाळावी. पोकळी जास्त म्हणून पाणी जास्त वाहते, असे नाही. चिकणमातीत पोकळी बहुधा वाळूहून अधिक असते, तरी वाळूतून पाणी लाखपट वेगानेही जाऊ शकते. चिकणमातीतल्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म की पाणी त्यांतच अडकून राहते. आंरी डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून या प्रवाहाचा नियम मांडला. भूजलशास्त्र आजही त्यावर उभे आहे.

आपल्याकडे सूत्र नव्हते, पारख होती. सिहार, मोरांड, कन्हार ही मातीची नावे तीच सांगतात. कोहळी समाजाने त्या पारखीवर मातीच्या पाळी घालून तलाव उभे केले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. मालगुजारी 1951 मध्ये गेली, माजी मालगुजारी म्हणजेच मामा तलाव राहिले आणि गाळाने भरत गेले. गाळ काढावाच. पण यंत्राने तळाचा चिकणमातीचा थरही खरवडला, तर तलाव गळू लागतो. खोलीकरणाचे अंदाजपत्रक करणाऱ्याने निदान एवढ्यासाठी तरी हे शास्त्र शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवताना गरम पाणी वापरतात, कारण ते दाण्यात लवकर शिरते. तोही याच विषयाचा भाग. चुंबकशास्त्रातही पारगम्यता आहे, पण तिथे काही झिरपत नाही. ती इथे घेतलेली नाही.

गणिताची धास्ती नको, सुरुवातीला त्रैराशिक पुरते. आपल्या शेतात हातभर खड्डा खणा, एकदा पाणी जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती बोटे उतरली ते लिहून ठेवा. पुढच्या प्रकरणात तोच आकडा लागेल.