स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन आणि पुराव्याचा प्रश्न

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ रोजी केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. प्रारंभी तिला उत्पन्नाची मर्यादा होती. १९८० मध्ये ती मर्यादा गेली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. किमान सहा महिन्यांचा कारावास किंवा तितकाच भूमिगत काळ ही सर्वसाधारण अट होती. मात्र भूमिगत असल्याचे सिद्ध करण्यासाठी फरारी घोषित केल्याचा, बक्षीस लावल्याचा किंवा स्थानबद्धतेच्या आदेशाचा पुरावा लागे. म्हणजे ज्या राजवटीला चुकवून कार्यकर्ता वावरला, तिच्याच दप्तरात त्याची नोंद असावी, अशी ही अपेक्षा होती! जो अधिक यशस्वीपणे लपला, त्याचा पुरावा तितकाच दुबळा.

निजामी राजवटीतील मराठवाड्याच्या संदर्भात ही अडचण विशेष जाणवते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. पुढे १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचेच विभाजन झाले. कारागृहाची नोंद उपलब्ध नसल्यास सहबंदींची प्रमाणपत्रे हाच आधार उरे.

१९३८-३९ च्या हैदराबादेतील आर्य समाज सत्याग्रहींचा प्रश्न मुकुंदलाल भंडारी खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्या. पी. बी. सावंत यांनी दिलेल्या निर्णयानुसार केवळ अर्ज उशिरा आला म्हणून दावा नाकारता येत नाही, आणि लाभ अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून द्यावयाचा असतो. वृद्ध अर्जदारांच्या दृष्टीने ही दुसरी बाब लहान नव्हती. फाईल ज्या टेबलावर अडली, त्या टेबलाचा भुर्दंड अर्जदाराने सोसावयाचा नव्हता. गुरदियाल सिंग खटल्यात (२००१) न्यायालय आणखी पुढे गेले. फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत सिद्धतेचा आग्रह धरू नये, शक्याशक्यतेच्या कसोटीवर दावा पाहावा, असे त्याने सांगितले.

या औदार्याची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात दिसली. बनावट कागदपत्रांच्या आधारे निवृत्तिवेतन मिळविल्याच्या तक्रारींवरून न्या. पालकर आयोगाने चौकशी केली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कपटाने मिळविलेला लाभ टिकू शकत नाही, ही भूमिका घेतली. २००७ मधील एका निर्णयात तर संशयाचा फायदा देऊन मंजूर झालेले निवृत्तिवेतन आदेशाच्या दिनांकापासूनच देय ठरविण्यात आले.

या निर्णयांत न्यायालयाने धोरण बदलले, असे सरसकट म्हणणे योग्य नाही. १९९३ मध्येही पुराव्याची छाननी वर्ज्य केलेली नव्हती. बदलला तो संशयाचा भार. आधी तो शासनाच्या दिरंगाईवर होता. बीडनंतर तो प्रमाणपत्रावर आला. त्यात खोट्या अर्जदाराबरोबर, ज्याचे सर्व सहबंदी निवर्तले होते असा खरा अर्जदारही अडचणीत आला.