मोरूमामांचा फळा : जयंत नारळीकर शिकायचे कसे?

आईन्स्टाईनचा पिंजारलेल्या केसांचा फोटो आणि खाली ज्ञानाबद्दलचं एखादं वाक्य. असा मेसेज आला नाही असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सापडणं कठीण. त्यातली कित्येक वाक्यं आईन्स्टाईन कधी बोललेच नव्हते, पण ते तपासायला वेळ कुणाला आहे? भौतिकशास्त्रज्ञ शिकतात कसे हे खरंच बघायचं असेल, तर वाक्यांपेक्षा एका फळ्याची गोष्ट जास्त कामाची आहे. हा फळा होता बनारसमध्ये, पण ते घर कोल्हापूरकरांचं होतं.

जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला शिकून आलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. आई सुमती संस्कृतच्या जाणकार, माहेरच्या हुजूरबाजार. हे घराणंही कोल्हापूरचंच. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ वसंत हुजूरबाजार हे सुमतीबाईंचे भाऊ. तेव्हा गणित या पोराला दोन्हीकडून मिळालं, असं म्हणायला हरकत नाही.

बनारसच्या घरात वडिलांनी मुलांसाठी भिंतीवर फळे लावून घेतले होते. वसंतरावांचे भाऊ मोरेश्वर, म्हणजे मोरूमामा, शिकायला तिथे राहायला आले आणि त्यांनी एक फळा ताब्यात घेतला. ते त्यावर गणिताचं एखादं कोडं लिहायचे आणि वर मथळा द्यायचे, ‘जे. व्ही. एन.साठी आव्हान’. नियम साधा होता. जयंताला कोडं सुटेपर्यंत किंवा तो ‘हरलो’ म्हणेपर्यंत ते पुसायचं नाही.

यात मामांनी काय शिकवलं? वरवर पाहता काहीच नाही. त्यांनी फक्त उत्तर सांगितलं नाही. येता-जाता, जेवताना, खेळून आल्यावर तो प्रश्न समोर दिसत राहायचा. शाळेच्या परीक्षेत तीन तासांनी पेपर काढून घेतात आणि प्रश्न संपतो. फळ्यावरचा प्रश्न मात्र संपत नव्हता. आज मोबाईलवर उत्तर पाच सेकंदांत मिळतं, त्यामुळे ‘हे मला येत नाही’ या अवस्थेत दोन दिवस काढायची सवयच मोडली आहे. संशोधकाचं निम्मं आयुष्य त्याच अवस्थेत जातं.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाईनमन अशीच एक आठवण सांगायचे. त्यांचे वडील त्यांना म्हणत की एखाद्या पक्ष्याचं नाव जगातल्या सगळ्या भाषांत पाठ केलंस, तरी पक्ष्याबद्दल तुला काहीच कळलेलं नसतं. त्यापेक्षा तो काय करतो ते बघ.

शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून झालेला हा मुलगा १९५७ मध्ये केंब्रिजला गेला, १९५९ मध्ये रँग्लर झाला आणि फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन करू लागला. हॉईल यांचा स्थिर स्थिती सिद्धांत सांगत होता की विश्वाला सुरुवात नाही आणि प्रसरण होत असताना नवं द्रव्य तयार होत राहतं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी १९६१ च्या सुरुवातीला, आपली निरीक्षणं या सिद्धांताच्या विरोधात जातात, असं जाहीर केलं. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्याला उत्तर द्यायचं होतं. हॉईल येऊ शकत नव्हते, म्हणून उभा राहिला बावीस वर्षांचा नारळीकर. मोठ्या माणसासमोर बोलायचं तर त्याच्या नावाला नाही, आकड्यांना उत्तर द्यायचं, हे तिथे दिसलं.

मात्र ही गोष्ट ‘कोल्हापूरच्या पोरानं मैदान मारलं’ इथे संपत नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी विश्वात सगळीकडे पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध प्रसिद्ध केला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत स्थिर स्थितीची सुधारित मांडणी केली. ती बहुसंख्यांना पटली नाही, आजही पटत नाही. हा हट्ट होता का? थोडा असेलही. पण जे प्रारण आडवं आलं होतं त्याचं स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न त्यांनी नव्या मांडणीत केला, ते नाकारून पळ काढला नाही. अल्पमतात राहणं आणि पुराव्याकडे पाठ फिरवणं यांतला हा फरक सोशल मीडियावरच्या वादांत फार क्वचित दिसतो.

दुसऱ्यांच्या दाव्यांनाही त्यांनी हाच न्याय लावला. फलज्योतिष थोतांड आहे असं नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत २००८ मध्ये त्यांनी चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका बनवल्या. चाचणीत उतरलेल्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली हुशार कोण, मतिमंद कोण? नाणं उडवूनही सरासरी २० उत्तरं बरोबर येतात. २८ बरोबर आली तर दावा मानायचा, असं आधीच ठरलं होतं. सर्वांत चांगला निकाल आला २४. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. यातली कळीची गोष्ट म्हणजे ‘आधीच ठरलं होतं’. निकाल बघून नियम बदलायची सोय कुणालाच ठेवलेली नव्हती, चाचणी घेणाऱ्यांनाही नाही.

पुढे पुण्यात ‘आयुका’चे संस्थापक संचालक झाल्यावर शाळकरी मुलं वही घेऊन त्यांच्याभोवती गर्दी करायची. सही हवी असेल तर पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, असं ते सांगायचे. कार्ड आलं की उत्तर जायचं आणि सही त्या उत्तराखाली असायची. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा मोठी झालेली ही मुलं आपापली जुनी पोस्टकार्डं शोधून त्यांचे फोटो टाकत होती.