मांडीवरच्या चिपने सर्व्हरचे तख्त कसे मिळवले? (धागा)

१/
ऑक्टोबर २००४. अमेरिकेतील ऑरलँडो शहरात एका उद्योग-परिषदेच्या व्यासपीठावर इंटेल कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट सर्वांसमक्ष गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी क्षमा मागितली. प्रसंग अर्धा विनोदाचा होता, कारण मात्र विनोदाचे नव्हते. ४ गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचे वचन कंपनीने नुकतेच मागे घेतले होते.

२/
लॅपटॉपचा प्रोसेसर श्रेष्ठ की सर्व्हरचा? गेमिंगसाठी कोणता, कामासाठी कोणता? नवा संगणक घेताना हा प्रश्न आजही हटकून निघतो. त्याच्या उत्तराचा बराचसा भाग त्या माघारीच्या आगेमागे घडलेल्या इतिहासात दडलेला आहे. ही एकाच घराण्याच्या दोन शाखांची हकीकत आहे.

३/
घराण्याचा मूळपुरुष म्हणजे नोव्हेंबर १९९५ मधील पेंटियम प्रो. ५५ लाख ट्रान्झिस्टरांची ही चिप सर्व्हर आणि वर्कस्टेशन डोळ्यांसमोर ठेवून घडवली होती. सँडिया प्रयोगशाळेतील ‘आस्की रेड’ या महासंगणकात अशा हजारो चिप बसल्या आणि एका टेराफ्लॉपची सीमा प्रथम त्यानेच ओलांडली. घरी मात्र तिचे तेज पडेना. घरोघरी तेव्हा विंडोज ९५ आणि डॉसवरचे खेळ होते, त्यांत १६-बिट संकेतांचा भरणा होता आणि नेमके तेच काम या चिपला जड जाई.

४/
१९९८ मध्ये शाखा उघडपणे फुटल्या. सर्व्हरसाठी ‘झिऑन’ हे नवे नाव आले. त्यात २ मेगाबाइटपर्यंत पूर्ण वेगाची कॅश होती आणि किंमत हजार डॉलरांच्या वर. त्याच वर्षी आलेल्या स्वस्त सेलेरॉन ३००ए मध्ये कॅश जेमतेम १२८ किलोबाइट, पण ती चिपवरच आणि पूर्ण वेगाने चालणारी. हौशी खेळाडूंनी बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला आणि ३०० मेगाहर्ट्झची ही चिप ४५० वर पळवली.

५/
स्वस्त चिप खेळात महागड्या भावंडांच्या पंक्तीला जाऊन बसली, याचे कारण कामाच्या स्वभावात आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. शत्रू कुठे वळला, गोळी कुठे लागली, हे हिशेब एकमेकांवर अवलंबून असतात. ते शंभर जणांत वाटता येत नाहीत. सर्व्हरकडे मात्र हजारो ग्राहकांच्या हजारो स्वतंत्र मागण्या येतात. तिथे एकाची चपळाई महत्त्वाची नसून अनेकांचे मनुष्यबळ महत्त्वाचे ठरते.

६/
नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला, तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचे आकडे मिरवत. त्या काळी ग्राहकाला आकडाच कळत असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून न्यूयॉर्कपर्यंत दुकानदाराचा पहिला शब्द मेगाहर्ट्झ हाच होता. हा आकडा वाढवण्यासाठी इंटेलने कामाचे बारीक बारीक तुकडे केले आणि आतील साखळी २० टप्प्यांची झाली.

७/
पंगतीचे उदाहरण घेता येईल. मुदपाकखान्यापासून पानापर्यंत वीस वाढपी रांगेत उभे आहेत आणि भांडे हातोहात पुढे सरकते आहे. प्रत्येकाचे काम चिमूटभर, म्हणून रांग झपाझप चालते. पण पाहुणा जिलेबी मागेल या अंदाजाने रांगभर जिलेबी निघाली आणि त्याने श्रीखंड मागितले, तर सगळी रांग रिकामी करून नव्याने सुरुवात. प्रोसेसरही पुढची आज्ञा कोणती येईल याचा असाच अंदाज बांधत असतो. रांग जितकी लांब, तितकी चूक महाग.

८/
फेब्रुवारी २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ आवृत्तीत ही रांग ३१ टप्प्यांवर गेली. त्यात उष्णतेची भर पडली. चिपची वीजखपत वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते. ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची उष्णता-मर्यादा ११५ वॅट होती. मांडीवर ठेवायच्या यंत्रात ही भट्टी मावणे अशक्य होते. मे २००४ मध्ये ‘तेजस’ हा नियोजित वारसही रद्द झाला.

९/
स्पर्धक थांबले नव्हते. एप्रिल २००३ मध्ये एएमडीने ‘ऑप्टेरॉन’ हा सर्व्हर प्रोसेसर आणला. तो ६४-बिटचा होता, जुने ३२-बिट संकेतही सहज चालवी आणि मेमरीचा नियंत्रक त्याच्या पोटातच होता. सर्व्हरच्या बाजारातील इंटेलचे आसन प्रथमच गंभीरपणे डळमळू लागले. प्रश्न केवळ एका चिपचा उरला नव्हता. वेगाचा आकडा म्हणजेच प्रगती, ही कंपनीची सारी भूमिका पणाला लागली होती.

१०/
सुटकेची वाट इस्रायलमधील हैफाच्या केंद्रातून निघाली. १९७४ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र नवखे नव्हते. पहिल्या आयबीएम पीसीतील ८०८८ हा प्रोसेसर तेथेच घडला होता. २००० मध्ये मात्र तेथील ‘टिम्ना’ हा स्वस्त संगणकांसाठीचा प्रकल्प पूर्णत्वाला येत असतानाच गुंडाळला गेला. श्रम वाया गेलेल्या त्या चमूकडे नवे काम आले. केवळ लॅपटॉपसाठी प्रोसेसर करायचा होता आणि वीज हीच त्याची पहिली मर्यादा होती.

११/
चमूने पेंटियम ४ ची वाट सोडली आणि पेंटियम प्रोपासून चालत आलेल्या जुन्या रचनेकडे मोर्चा वळवला. रांग आखूड ठेवली, अंदाज बांधणारी यंत्रणा अधिक हुशार केली, दोन लहान अंतर्गत आज्ञा जोडून एकत्र पाठवण्याची सोय केली. १ मेगाबाइट कॅशचा जो भाग वापरात नसेल त्याची वीज तोडली. चैनीला जागाच नव्हती. प्रत्येक भागाला आपल्या विजेचा हिशेब द्यावा लागत होता.

१२/
मार्च २००३ मध्ये ‘पेंटियम एम’ प्रकट झाला. ७ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर, १.६ गिगाहर्ट्झ वेग आणि मर्यादा अवघी २४.५ वॅट. अडचण विक्रीची होती, कारण इतकी वर्षे ज्या आकड्याचा डंका पिटला तोच आता लहान होता. म्हणून चिपची जाहिरात मागे ठेवून वायफायसह संपूर्ण संच ‘सेंट्रिनो’ या नावाने विकला गेला. मे २००४ पासून तर इंटेलने प्रोसेसरांना गिगाहर्ट्झऐवजी क्रमांकांनी ओळख द्यायला सुरुवात केली.

१३/
खेळाडूंनी मर्म आधीच ओळखले होते. २००५ मध्ये असूसने एक छोटा जोड-भाग विकायला काढला. त्याच्या साहाय्याने लॅपटॉपचा पेंटियम एम टेबलावरच्या पेंटियम ४ च्या मदरबोर्डवर बसे. थोडा वेग वाढवताच ही बॅटरीवर जगणारी चिप अनेक खेळांत बलाढ्य पेंटियम ४ ला मागे टाकू लागली. व्हिडिओचे रूपांतर किंवा त्रिमितीय चित्रांची आकडेमोड आली, की मात्र पारडे पुन्हा पेंटियम ४ कडे झुके. त्या कामात वळणे थोडी असतात, अंदाज क्वचित चुकतो आणि लांब रांग आपली किंमत वसूल करते.

१४/
‘खेळाला कोणता, कामाला कोणता’ या प्रश्नाचे उत्तर त्या चाचण्यांत स्पष्ट दिसत होते. ‘काम’ नावाची एकच वस्तू नसते. पत्रके भरणे, संकेत लिहिणे, चित्रफीत घडवणे आणि हजार जणांना एकाच वेळी माहिती पुरवणे, ही चार निरनिराळी ओझी आहेत.

१५/
जानेवारी २००६ मध्ये या शाखेची दोन कोअरची आवृत्ती ‘कोअर ड्युओ’ नावाने आली आणि अ‍ॅपलचे इंटेलवर चालणारे पहिले संगणक तिच्यावरच निघाले. दोनच महिन्यांनी ‘सॉसमन’ या सांकेतिक नावाची ३१ वॅटची झिऑन आली. ती वस्तुतः लॅपटॉपचीच चिप होती, सर्व्हरच्या वेशात! तिची उणीव ठळक होती. ऑप्टेरॉनच्या जमान्यात ती अजून ३२-बिटचीच होती.

१६/
खरा पालट त्याच उन्हाळ्यात झाला. हैफाच्या विचारांवर उभी राहिलेली ६४-बिट ‘कोअर’ रचना जूनमध्ये झिऑन ५१०० म्हणून सर्व्हरमध्ये, जुलैमध्ये कोअर २ ड्युओ म्हणून टेबलावर आणि पाठोपाठ ‘मेरोम’ नावाने लॅपटॉपमध्ये उतरली. तोवरच्या तगड्या झिऑनची मर्यादा १३० वॅट होती. ३ गिगाहर्ट्झच्या नव्या झिऑनची ८० वॅट. टेबलावरच्या चिपसाठी कंपनीचा दावा होता ४० टक्के अधिक कामगिरीचा, ४० टक्के कमी विजेत. सर्व्हरसाठी जन्मलेली रचना लॅपटॉपमध्ये काटकसर शिकून पुन्हा सर्व्हरकडे परतली होती.

१७/
या प्रवासाला भारताचाही धागा आहे. बंगळुरूत घडत असलेला ‘व्हाइटफील्ड’ हा झिऑन २००५ मध्ये रद्द झाला. त्याची जागा ‘टायगरटन’ने, म्हणजेच झिऑन ७३०० मालिकेने घेतली. नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात सी-डॅकने सिद्ध केलेल्या ‘परम युवा’ महासंगणकात याच मालिकेचे ४६०८ कोअर होते आणि त्याची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप. बंगळुरूच्या चमूनेही हार मानली नाही. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांचा सहा कोअरचा, १९० कोटी ट्रान्झिस्टरांचा ‘डनिंग्टन’ झिऑन ७४०० या नावाने बाजारात आला.

१८/
तेव्हापासून लॅपटॉप आणि सर्व्हर यांतील भेद रक्ताचा कमी, संसाराचा अधिक राहिला आहे. कोअर बहुधा एकाच घराण्याचा असतो. सर्व्हरमध्ये असे डझनावारी कोअर मांडतात, वेग थोडा आवरतात, मेमरीचे मार्ग वाढवतात, चूक दुरुस्त करणारी मेमरी जोडतात. लॅपटॉपमध्ये मोजकेच कोअर क्षणभर उसळी घेतात आणि यंत्र तापले की वेग उतरवतात. म्हणूनच सर्व्हरमधून निवृत्त झालेला सोळा कोअरचा झिऑन खेळात साध्या नव्या चिपपुढे थकतो आणि तोच रात्रभर चालणाऱ्या आकडेमोडीत तिला सहज मागे टाकतो.

१९/
जून २०२४ मध्ये इंटेलने १४४ कोअरचा झिऑन ६ सादर केला. त्यातील लहान, काटकसरी कोअर ‘क्रेस्टमाँट’ रचनेचे आहेत. हीच रचना सहा महिने आधी लॅपटॉपच्या ‘मीटिअर लेक’ चिपमध्ये आली होती. (समाप्त)